आधी गोळी, मग पोळी

दवाखान्याचा फोन वाजला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, कितना लगेगा?" कुत्रा की मांजर, काय होतंय, कधीपासून होतंय, हे सगळं नंतर. सुरुवातीला मला या प्रश्नाचा राग यायचा. आता येत नाही. ज्याला यायचंच नसतं तो भाव विचारत नाही, तो फोनच करत नाही. भाव विचारणारा एका हातानं खिसा चाचपत असतो आणि दुसऱ्या हातानं स्कूटरची किल्ली शोधत असतो.

मी दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्याचा काउंटर सांभाळते. डॉक्टर नाही. वेळा देणं, वजन करून घेणं, औषधं देणं, बिल करणं आणि बिल बघून पांढरा पडलेला चेहरा पूर्ववत करणं, ही माझी कामं. लग्नानंतर पुण्याहून दिल्लीला आले, गोदामांचा हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काढली आणि मग सोसायटीतल्या ओळखीनं इथे तात्पुरती म्हणून आले. नवरा म्हणाला होता, "तू? तू तर कुत्रं दिसलं की फुटपाथ बदलतेस." ते खरं होतं. पण दवाखान्याला कुत्र्यांवर प्रेम करणारं माणूस नकोच होतं, ते भरपूर होते. कुठलं औषध संपत आलंय हे संपण्यापूर्वी सांगणारं कुणीतरी हवं होतं. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. माझ्या घरात फ्रिजवर यादी असते आणि त्या यादीत "नवी यादी करणे" हेही असतं, असं माझी मुलगी सगळ्यांना सांगते.

जनावरांचे उपचार इतके महाग का, हे मला लग्नकार्यात, मंडळाच्या गणपतीत, मेट्रोतही विचारलं जातं. थोडक्यात सांगते. डॉक्टरांची फी हा बिलातला सगळ्यात लहान भाग असतो. मोठा भाग तपासण्यांचा. आमचा पेशंट "इथे दुखतंय" म्हणत नाही. त्यामुळे रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी यांच्याकडून विचारून घ्यावं लागतं, आणि ती यंत्रं माणसांच्या हॉस्पिटलात असतात त्याच किमतीची असतात. माणसांचा विमा असतो, सरकारी नोकराला कार्ड असतं. कुत्र्याच्या विम्याची चौकशी करणारे भेटतात, काढलेले क्वचित भेटतात. सगळं रोख.

आणि औषधं. ती दोन जातींची. एक खास जनावरांसाठी बनवलेली, आमच्याच काउंटरवर मिळणारी, महाग. दुसरी माणसांचीच, जी तुमच्या आजीच्या डब्यातही सापडतील. तीच गोळी, वजनाप्रमाणे पाव किंवा अर्धी. ही दुसऱ्या जातीची औषधं कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे अगदी स्वस्त मिळतात. आमच्या डॉ. अरोरा तरुण आहेत, तोंडानं फटकळ आणि हिशेबानं सरळ. त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम असा की, जे बाहेर स्वस्त मिळतं ते बाहेरूनच घ्यायला सांगायचं. मीही काउंटरवरून बिनदिक्कत सांगते, "ये वाली यहाँ से मत लीजिए." लोक आधी संशयानं बघतात. मग पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन येतात.

या काउंटरवर मी काय काय पाहिलंय! मानेसरच्या एका कारखान्यात काम करणारा माणूस सुट्टी काढून, शेअर ऑटो आणि मेट्रो करत, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ससा घेऊन आला होता. सशाचे दात वाढून गालात रुतले होते. भूल देऊन कापावे लागणार होते. मी खर्च सांगितला. तो हसला. "मैडम, इतने में तो चार खरगोश आ जाएँगे."

मी म्हटलं, "हाँ, आ जाएँगे."

त्यानं पिशवीत वाकून पाहिलं. "पर उनमें ये वाला तो नहीं होगा ना," म्हणाला आणि सही केली. अशा वेळी मी मान खाली घालून पावती फाडते.

मी एक पद्धत पाडली आहे. औषध दिलं की मी सांगते, "आता तुम्ही मला सांगा." कागद वाचून दाखवायचा नाही. घरी काय करणार ते तोंडी सांगायचं. लोक ओशाळतात, काही चिडतात. "मैं इंजीनियर हूँ, मैडम!" असंही ऐकलं आहे. त्याच इंजिनियरला मी विचारलं होतं, "एक चम्मच, कौन सा चम्मच?" त्यानं हातानं जो आकार दाखवला तो आमच्याकडे वरण वाढायला वापरतात. तेव्हापासून मी कुणालाच सोडत नाही.

कापसीची गोष्ट या पद्धतीची आहे, आणि तिच्यातल्या भोकाचीही.

कापसी म्हणजे मेश्राम कुटुंबाची कुत्री. पांढरी, केसाळ, छोटीशी. दिल्लीत अशा प्रत्येक कुत्रीला पोमेरियन म्हणतात, आमच्या फायलीत ती स्पिट्झ आहे. प्रशांत मेश्राम केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे, मूळचा चंद्रपूरकडचा. बायकोही नोकरी करते. मुलगी मैत्री आठवीत, जन्मापासून दिल्लीची. आणि प्रशांतचे वडील. आयुष्यभर रेल्वेत फिटर होते, पत्नी गेल्यावर मुलाकडे राहायला आले. कुत्री त्यांनीच तिकडून आणलेली. कापसाच्या बोंडासारखी म्हणून तिचं नाव कापसी. मैत्रीनं त्याचं केलं कॉटन. कुत्री दोन्ही नावांना शेपूट हलवायची.

आजोबा पहिल्यांदा आले तेव्हा मी मराठी आहे हे माझ्या बोलण्यावरून त्यांना लगेच कळलं. हात जोडून म्हणाले, "जय भीम, ताई. तुमी आपल्याकडच्या हा? मंग बरं झालं जी." आणि कुत्रीला मांडीवर घेऊन जे बसले ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. बोलायचं काम प्रशांतचं.

कापसीला खोकला होता. रात्रभर ठसकायची, जिना चढताना थांबायची. डॉ. अरोरांनी स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. या जातीत उतारवयात हे पुष्कळदा होतं. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं फिरतं, हळूहळू फुप्फुसात पाणी साठतं. बरं होत नाही, पण औषधांवर चांगले दिवस काढता येतात. दोन मुख्य औषधं. हृदयाची गोळी जनावरांची, आमच्याकडची, महाग. ती एक, सकाळ-संध्याकाळ. दुसरी अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी. ती माणसांची, केमिस्टकडची, अगदी स्वस्त. ती अर्धी, सकाळ-संध्याकाळ.

मी हृदयाच्या गोळीवर आमची चिठ्ठी डकवली, दुसरी बाहेरून घ्यायला सांगितली आणि प्रशांतला म्हटलं, "आता तुम्ही सांगा." आजोबा तोवर कापसीला घेऊन बाहेर गेले होते. प्रशांतनं चोख सांगितलं. ही एक, ती अर्धी, दोन्ही वेळा. प्रिस्क्रिप्शन त्याच्या मोबाइलवर गेलं. मी खूण केली. काम झालं.

सुरुवातीला कापसीला छान बरं वाटलं. खोकला गेला. मग हळूहळू दुसरंच सुरू झालं. वाडगाभर पाणी एका दमात प्यायची, घरभर शू करायची. खाणं सुटलं. फरशीवर मागचे पाय घसरायला लागले. प्रशांत दर थोड्या दिवसांनी घेऊन यायचा आणि दरवेळी डॉक्टर काहीतरी विचारून घ्यायच्या, म्हणजे तपासण्या. रक्त, लघवी, पुन्हा रक्त. शेवटी किडनीचे आकडे आले आणि डॉ. अरोरांनी मला आत बोलावून दार लावलं.

"देखिए, पानी वाली दवा किडनी पर ज़ोर डालती है, ये मैं मानती हूँ," त्या म्हणाल्या. "पर ये तो आधी गोली पर ही ढह गई. इसका मतलब किडनी अपने आप जा रही है. दवा घटाऊँ तो फेफड़ों में पानी भरेगा. न घटाऊँ तो किडनी ख़त्म."

त्यांनी प्रशांतला समोर बसवून हेच सांगितलं. दाखल करून सलाइन लावता येईल, रोज तपासता येईल. खर्च मोठा, खात्री काही नाही.

प्रशांत बाहेर काउंटरवर आला. हा माणूस कधी घासाघीस न करणारा. त्यानं दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"मॅडम, आपण मराठीत बोलू. घराचा हप्ता आहे, मैत्रीची ट्युशन आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पण पैसे मी आणीन कुठून तरी. मला फक्त एवढं सांगा, तिचे हाल करून मी पैसे खर्च करतोय का? सुलाना पड़ेगा क्या?"

"झोपवणं" म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देणं. हा शब्द या काउंटरवर मोठ्यानं कुणीच उच्चारत नाही.

"तुम्ही काय केलं असतं?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. तो माझा अधिकार नाही. मी म्हटलं, "आजची रात्र सलाइन लावू. उद्या सकाळी आकडे बघून ठरवा. एका रात्रीत तुमची चूक होणार नाही."

"आणि उद्या आकडे असेच असले तर?"

"तर उद्या बोलू."

त्यानं मान हलवली. "बाबांना मी नाही सांगू शकत," म्हणाला. तेवढ्यात त्याच्या ऑफिसातून फोन आला आणि तो तसाच फोनवर बोलत बाहेर गेला.

दाखल करून घेताना एक कागद भरावा लागतो. शेवटचं खाणं कधी, शेवटचं औषध कधी, किती. प्रशांत बाहेर, म्हणून मी आजोबांकडे वळले. कापसी त्यांच्या मांडीवर होती, मान त्यांच्या कोपरावर टाकलेली.

"आजोबा, तुम्ही सांगा मला. सकाळपासून काय काय करता तिचं?"

त्यांना बरं वाटलं असावं. इतक्या खेपांत त्यांना कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं.

"मी पहाटेच उठतो जी. रेल्वेची सवय हाय. उठलो का तिले खाली घेऊन जातो. वापस आलो का पाय पुसतो. मंग ते तुमची डब्बीवाली गोळी, एक. अन् मंग ते पट्टीतली. आधी गोळी, मंग पोळी. हा आपला कायदा. संध्याकाळी पण तसंच. आधी गोळी, मंग पोळी. एक दिवस चुकला नाई, ताई. माहा नाष्टा चुकला असन, तिची गोळी नाई."

"आधी गोळी," असं म्हणत मी कागदावर अर्धी लिहिली.

माझं पेन पुढच्या रकान्यात गेलं होतं. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर कान असे होतात. कुठला शब्द कुठल्या भाषेतला, हे ते विचारतच नाहीत. पण त्या "आधी"च्या मागोमाग एक "मंग" होता. अर्ध्या गोळीनंतर "मंग" कसा येईल?

"आजोबा, पट्टीतली गोळी अर्धी देता ना? तोडून?"

"तोडून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इंजिन तोडायला सांगतेय. "काऊन तोडू? पुरी देतो ना."

"पूर्ण?"

"पुरी. दोन्ही टाइम. पोरीनं सांगतलं ना. मैत्रीनं. त्या दिवशी घरी गेल्यावर मले बसवून सांगतलं तिनं. आजोबा, कॉटनले आधी गोळी द्यायची, सुबह-शाम. म्हटलं, बरं. आधी गोळी, मंग बाकीचं."

मी पेन खाली ठेवलं.

मैत्री दिल्लीची मुलगी. बापानं मोबाइलवरचं प्रिस्क्रिप्शन तिला दाखवलं, हे आजोबांना समजावून सांग म्हणाला. तिनं ते सांगितलं. मराठीत सांगितलं, कारण आजोबांशी ती मराठीतच बोलते. फक्त अर्ध्याला मराठीत अर्धी म्हणतात हे कळायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिच्या मराठीत अर्धी म्हणजे हिंदीतली आधी. आजोबांच्या मराठीत आधी म्हणजे आधी. गोळी केमिस्टकडची, त्यामुळे पट्टीवर आमची चिठ्ठी नाही. पट्टी संपली की आजोबा खाली मार्केटमध्ये जाऊन नवी आणायचे, इतकी स्वस्त की घरात कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नाही. आणि दवाखान्यातून फोनवर "कितनी दे रहे हैं?" असं विचारलं की प्रशांत त्याच्या समजुतीप्रमाणे खरंच सांगायचा, "आधी."

कापसी इतके दिवस दुप्पट औषध घेत होती.

मी हळूच विचारलं, "आजोबा, तुम्हाला हिंदी येते ना?"

"हिंदी? वो ताई, जिंदगी हिंदीत गेली. आमच्या शेडमधी बिहारचे होते, बंगालचे होते. मले काऊन येणार नाई?"

"मग हिंदीत 'आधी गोली' म्हणजे किती?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. मी तो चेहरा विसरणार नाही. हिंदीत सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी त्यांना कळलं असतं. नातीनं प्रेमानं त्यांच्या भाषेत सांगितलं, म्हणून कळलं नाही.

कापसीच्या कानामागचे केस त्यांनी दोन बोटांनी सारखे केले.

मी उठले आणि आत गेले. डॉ. अरोरा दुसऱ्या पेशंटचे टाके काढत होत्या. मी दारातूनच सांगितलं. त्यांचा हात थांबला. "पूरी? दोनों टाइम?" आणि मग त्या जे हसल्या ते खरं तर हसणं नव्हतं. "तो किडनी गई नहीं है! सूख गई है बेचारी, पानी दो उसे, पानी!"

माणसानं पाहावं असं काही असेल तर कोरड्या पडलेल्या जिवात थेंब थेंब पाणी परत जाताना पाहावं. मी इतकी वर्षं बाटल्या मोजून ठेवते. खोकं उघडते, तारीख बघते, कपाटात लावते. त्या बाटलीत मिठाच्या पाण्यापलीकडे फारसं काही नसतं, आणि बिलातली ती सगळ्यात स्वस्त ओळ असते. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी लघवीची गोळी थांबवली, बाटली अगदी मंद चालू ठेवली, कारण हृदयाला जास्त पाणी झेपत नाही, आणि दर थोड्या वेळानं तिचे श्वास मोजत राहिल्या. आजोबांना आम्ही खुर्ची दिली. घरी जा म्हटलं तर म्हणाले, "शेडमधी गाडी सोडून फिटर घरी जात नसते."

सकाळी मी आले तेव्हा कापसीनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. शेपटीचं फक्त टोक हललं. आकडे उतरले होते. पुरेसे नव्हते, पण उतरले होते. दुसऱ्या दिवशी आणखी उतरले. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, अर्धी, आणि आम्ही सगळे श्वास रोखून फुप्फुसाकडे लक्ष देऊन बसलो. पाणी भरलं नाही. अर्धी तिला पुरत होती. पहिल्यापासून पुरलीच असती.

मला काय थक्क करतं ते सांगते. तो इवलासा जीव इतके दिवस दुप्पट मारा सोसत होता आणि रोज दोन्ही वेळा त्याच हातातून गोळी घेत होता. मांजर असती तर तिसऱ्या दिवशी बोट फोडलं असतं. कापसी तोंड उघडायची, कारण समोर आजोबा असायचे.

प्रशांतला मी आणि डॉक्टरांनी मिळून सांगितलं. तो भिंतीला टेकला. "इतक्या टेस्ट केल्या," म्हणाला, "आणि बाबांना कुणी विचारलं नाही. मीपण नाही." माझ्या पद्धतीतलं भोक हेच होतं. जो बिल देतो त्याच्याकडून मी वदवून घेत होते. गोळी जो देतो त्याच्याकडून घ्यायला हवं होतं. आता तसंच करते. घरी गोळी देणारी मोलकरीण असेल तर तिला फोन लावायला सांगते. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

कापसीला घरी सोडायच्या दिवशी मी स्वतः पट्टी मागवली, गोळ्या कापायच्या छोट्या सुरीनं सगळ्या अर्ध्या केल्या आणि एका डबीत भरून आजोबांच्या हातात दिल्या. "आता शब्दांची गरजच नाही," मी म्हटलं. "डबीतला एक तुकडा. बस."

त्यांनी डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली. प्रशांत बिल भरत होता. आजोबा काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक काम करान?"

"सांगा ना."

"पोरीले सांगू नका जी."

"आजोबा, तिचा काय दोष? लहान आहे. कुणी रागावणार नाही तिला."

"रागावणार नाई, मले मालूम हाय. पण ती भेईन." ते शब्द शोधत होते. "तिच्या सोबतचे सगळे हिंदी बोलते, विंग्रजी बोलते. घरात मायबापाशी पण अर्धं हिंदीच. मराठी ती फक्त माह्याशी बोलते. तुटकीफुटकी बोलते, पण बोलते. उद्या तिले कळलं का तिच्या मराठीनं कापसी मरत होती, तर मंग ती तोंड उघडन काय?"

"मग काय सांगायचं तिला?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याले आयकू आलं नाई, असं सांगा. माहे कान गेले असं सांगा. चालते."

त्यांचे कान शाबूत होते. शेडमध्ये इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे कान. मी प्रशांतकडे पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं कार्ड मशिनमध्ये घातलं, आकडे दाबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबांना कमी ऐकू येतं, मॅडम. मी सांगीन घरी तसं."

काही आठवड्यांनी ते हृदयाच्या सोनोग्राफीला आले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मैत्रीही आली. वयाच्या मानानं उंच, दप्तर नाही म्हणून हातांचं काय करावं हे न कळणारी. मला म्हणाली, "काकू, आजोबांना सुनाई कमी देतं ना, म्हणून मी आता जोरात बोलते त्यांच्याशी." आणि खरंच सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती आजोबांना म्हणाली, "आजोबा! इथे बसा! कॉटन घाबरते आहे!"

"हो, हो," म्हणत आजोबा अगदी कान देऊन बसले.

आत दिवे मालवले होते. कापसी कुशीवर झोपलेली, आजोबांचा हात तिच्या मानेवर. डॉ. अरोरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. सोनोग्राफी असली की मी काउंटर सोडून दारात जाऊन उभी राहते. इतक्या वेळा पाहिलंय, तरी जाते. काळ्या-करड्या अंधारात ते हृदय उघडमीट करत होतं. त्यातली झडप म्हणजे दोन पातळ पडदे, माशाचे कल्ले पाण्यात हलावेत तसे हलणारे. एक पडदा किंचित मागे झुकायचा आणि तिथून रंगाची एक ठिणगी उलट्या दिशेनं उडायची.

डॉक्टरांनी हिंदीत समजावून सांगितलं. सोपं, स्वच्छ. आजोबांना प्रत्येक शब्द कळत होता, हे मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. डॉक्टर थांबल्या तशी मैत्री पुढे सरकली.

"आजोबा, थांबा, मी सांगते तुम्हाला. हे बघा, हा कॉटनच्या दिलचा दरवाजा आहे. हा पूरा बंद नाही होत. म्हणून थोडा खून मागे जातो."

"खून?" आजोबा म्हणाले.

"हो ना. प्रत्येक धडकनला थोडा-थोडा खून होतो."

प्रशांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी ओठ घट्ट मिटून घेतले. आजोबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते पडद्याकडे वाकले, जणू हे त्यांना आत्ताच, पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

"अन् मंग?"

"मग दिल पुन्हा ताकद लावतो. पुन्हा फेकतो पुढे. थकतो, पण थांबत नाही."

"थांबत नाई?"

"नाही, आजोबा. बघा ना तुम्हीच."

ते बघत राहिले. पडद्यावर ते इवलंसं काम चाललं होतं. डॉ. अरोरांना मराठी येत नाही, पण त्यांनीही यंत्रावरचा हात काढला नाही.

"आणखी सांग," आजोबा म्हणाले.